दोन काचांमधली हवा : तावदानांच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

एका शाळेच्या वाचनालयातील पूर्वेकडच्या खिडकीसाठी काचेची तावदाने करून देण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. प्रत्येक तावदान सुमारे ३०० मिमी चौरस असेल. ४ मिमी जाडीच्या दोन साध्या फ्लोट काचा एकमेकींवर ठेवायच्या, त्यांच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे पिंपळपान बसवायचे आणि विजेच्या भट्टीत दोन्ही काचा मऊ करून एकजीव करायच्या, असे ठरले आहे. या खिडकीवर सकाळचे ऊन थेट पडते आणि उन्हात काचेतला कोणताही दोष लपत नाही, त्यामुळे रंग आणि नक्षी यांच्याआधी बुडबुड्यांचा विचार करणे भाग आहे.

नोंदी ठेवताना दोन प्रकारचे बुडबुडे वेगळे मानणार आहे. पहिला प्रकार दोन काचांच्या मध्ये अडकलेल्या हवेचा. दुसरा काच आणि तिच्याखालचे शेल्फ यांच्या मध्ये अडकलेल्या हवेचा. वरून पाहताना दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत राहिले तर भट्ट्या वाया जातात. खालचा बुडबुडा बहुधा मोठा असतो, तो दोन्ही थर उचलून घुमटासारखा वर येतो आणि कधीकधी फुटून काचेला आरपार भोक पाडतो. मधला बुडबुडा लहान, चपटा आणि बहुतेक वेळा नक्षीच्या कडेला चिकटलेला असतो.

मान्यतेची मर्यादा आजच लिहून ठेवतो: २ मिमीपेक्षा मोठा एकही बुडबुडा नको, पृष्ठभागावर फुगवटा अजिबात नको, आणि पानाच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे ठिपके राहिले तर ते चालतील.

४ जून

आज भट्टी लावली नाही. फक्त हिशेब केला. बुडबुड्यांबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे "वरच्या तापमानाला जास्त वेळ ठेवा, हवा आपोआप निघून जाईल." हा सल्ला मला पटत नाही आणि आकडेही त्याच्या विरुद्ध जातात.

काचेच्या कारखान्यात कच्चा माल १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवला जातो. तिथे काच पाकासारखी वाहती असते आणि बुडबुडे खरोखरच वर चढून निघून जातात. तळेगावात १९०८ साली पैसा फंडातून, म्हणजे लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून, जो काच कारखाना उभा राहिला, तिथल्या भट्टीलाही याच रीतीने काच बुडबुड्यांपासून मोकळी करावी लागत असणार. आमची भट्टी मात्र ८२० अंशांवर थांबते. या तापमानाला साधी सोडा-चुन्याची काच कारखान्यातल्या पातळ काचेच्या हजारो पट घट्ट असते. २ मिमी व्यासाचा बुडबुडा अशा काचेत किती वेगाने वर सरकेल हे मांडून पाहिले, तर तासाला पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वरचा थर ४ मिमीचा आहे. म्हणजे एकदा बंदिस्त झालेली हवा आमच्या तापमानाला बाहेर पडणार नाही. ती फक्त गोल होईल.

दुसरा हिशेब दाबाचा. काचेची घनता घनसेंटिमीटरला २.५ ग्रॅम असते, म्हणून ४ मिमीचा वरचा ताव खालच्या हवेवर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ ग्रॅम भार टाकतो. ताव केवढाही असला तरी हा आकडा तोच राहतो. वातावरणाचा दाब त्याच चौरस सेंटिमीटरवर सुमारे १,०३३ ग्रॅम असतो. समजा काचेच्या चारही कडा ६७० अंशांना चिकटून बंद झाल्या आणि आत थोडी हवा राहिली. तिथून ८२० अंशांपर्यंत जाताना त्या हवेचा दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढू पाहतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १६० ग्रॅमच्या आसपास. १ ग्रॅमचा भार तिला कसा रोखणार? कडा बंद होण्याआधी हवा बाहेर गेली नाही, तर पुढे जे होते ते फक्त वाढत जाते.

या दोन हिशेबांवरून कामाची दिशा ठरते. सगळा खेळ ६०० ते ६८० अंशांच्या टप्प्यात आहे. या टप्प्यात काच स्वतःच्या वजनाने वाकण्याइतकी मऊ झालेली असते, पण दुसऱ्या काचेला पक्की चिकटलेली नसते. हवेला बाहेर पडायला वेळ लागत नाही. ती पातळ असते आणि केसाएवढ्या फटीतूनही निघून जाते. वेळ लागतो तो काचेला, खाली बसायला. तेव्हा काचेला सावकाश बसू द्यायचे आणि तिने मधून कडेकडे बसत जावे अशी रचना करायची, एवढे साधले की काम झाले.

७ जून

काच आणली. काचेच्या पेटीत तावांच्या मध्ये एक बारीक पांढरी पूड शिंपडलेली असते. दुकानदार काका म्हणाले, "ती पूड मुद्दाम टाकतात हो, नाहीतर ताव एकमेकांना चिकटून बसतात आणि ओरखडतात." ही पूड बहुधा पॉलिमरच्या बारीक मण्यांची असते. ती जळणारी वस्तू आहे, म्हणून दोन काचांच्या मध्ये तिचा कणही राहता कामा नये. कापताना लागलेले कटरचे तेल, बोटांचे ठसे आणि पुसण्याच्या फडक्याचे धागे यांचीही तीच गत. कापलेले तुकडे आधी वाहत्या पाण्यात, मग साबणाच्या पाण्यात आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसले. पुसल्यानंतर तुकडे फक्त कडेला धरायचे.

फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, म्हणून तिची एक बाजू कथलाची असते. पुन्हा तापवल्यावर या बाजूवर कधीकधी धुरकट पापुद्रा दिसतो. लहान अतिनील दिव्याखाली कथलाची बाजू मंद दुधट चमकते. तशी तपासून तिच्यावर पेन्सिलने खूण केली. प्रत्येक तावदानात वरच्या तावाची कथलाची बाजू आतल्या अंगाला येईल. सगळे नमुने एकाच पेटीतल्या काचेचे आहेत, कारण वेगवेगळ्या काचांचे प्रसरण सारखे नसते आणि थंड होताना ते तडे देऊ शकते.

९ जून

आजचा दिवस शेल्फाला दिला. खालून येणारा बुडबुडा टाळायचा असेल तर शेल्फ सपाट हवे. पोलादी पट्टी शेल्फावर उभी धरून तिच्यामागे टॉर्च लावला आणि पट्टी आडवी, उभी व तिरपी फिरवून पाहिली. एका कोपऱ्याकडे पट्टीखालून प्रकाशाची बारीक रेघ येत होती. म्हणजे तिथे उथळ खळगा आहे. अशा खळग्यावर काच आडवी पडली की चारही बाजूंनी बंद झालेली बशीभर हवा खाली अडकते. ते शेल्फ बाजूला ठेवले आणि त्याची दुसरी बाजू तपासली. ती नीट निघाली.

किल्न वॉश म्हणजे काच शेल्फाला चिकटू नये म्हणून लावायचे, ॲल्युमिना आणि चिनी माती यांचे पाण्यातले पातळ मिश्रण. ते मऊ ब्रशाने चार दिशांनी पातळ थरांत लावले. ब्रशाच्या रेघा उंच राहिल्या तर काचेच्या पाठीवर उमटतात. म्हणून सुकल्यावर जुन्या नायलॉनच्या मोज्याने हलकेच घासून पृष्ठभाग एकसारखा केला. घासताना मास्क लावला, कारण ही धूळ फुप्फुसांत जाता कामा नये.

पावसाळ्यात या थराकडे जास्त लक्ष द्यावे लागते. तळेगावच्या हवेत जूनमध्ये सुकलेले शेल्फ हाताला कोरडे लागते, पण सच्छिद्र शेल्फाच्या पोटात पाणी असते. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. रिकामे शेल्फ भट्टीत २६० अंशांपर्यंत नेऊन तिथे अर्धा तास ठेवले. झाकण बोटभर उघडे ठेवले होते, त्यामुळे वाफ बाहेर जात राहिली. आता शेल्फ थंड होऊन कोरडे आहे आणि ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले आहे. एका पूर्ण भट्टीनंतर हा थर खरवडून नवा लावणार आहे, कारण एकदा पूर्ण तापलेली चिनी माती दुसऱ्या वेळी काचेला चिकटण्याचा संभव वाढतो.

सिरॅमिक फायबर पेपर काचेखाली घालण्याचा पर्यायही आहे आणि तो हवेला उत्तम वाट देतो. पण त्याचा पोत काचेच्या पाठीवर उमटतो आणि या तावदानांना दोन्ही बाजू गुळगुळीत हव्या आहेत. शिवाय त्या कागदातला बाइंडर, म्हणजे धागे एकत्र बांधणारा पदार्थ, जळताना धूर सोडतो, म्हणून तो वापरायचाच झाला तर आधी रिकाम्या भट्टीत जाळून घ्यावा लागतो.

१२ जून

तांब्याची पाने तयार केली. ०.१ मिमीचा तांब्याचा पत्रा कात्रीने सहज कापला जातो. इतका पातळ पत्रा निवडण्याचे कारण असे की तांबे काचेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पत्रा पातळ आणि मऊ असेल तर तो काचेच्या ओढीबरोबर ताणला जातो, जाड असेल तर काचेला तडा देतो.

पत्रा कितीही पातळ असला तरी त्याच्या कडेभोवती एक पायरी तयार होते. वरची काच पानावर टेकते, तिथून खालच्या काचेपर्यंत उतरते आणि त्या उताराच्या कोनात हवेची बारीक नळी राहते. पानाच्या सगळ्या कडेने फिरणारी ही नळीच पुढे बुडबुड्यांची माळ होते. तेव्हा पान जितके सपाट, तितकी ही नळी लहान. पत्रा वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासला. कापताना कडेला उभी राहिलेली बारीक धार, जी नखाला लागते पण डोळ्याला दिसत नाही, तीही अशा घासण्याने बसते.

पिंपळाच्या पानाची रचना या कामाला फार सोयीची आहे. मधली शीर देठापासून निघून लांबलचक टोकापर्यंत जाते आणि बाजूच्या शिरा कडेपर्यंत पोचतात. रिफिल संपलेल्या बॉलपेनाने पत्र्यावर या शिरा दाबून उमटवल्या. पत्रा उलटा ठेवला की प्रत्येक शीर ही वर उचललेली पन्हळ होते, आणि पानाखाली अडकलेली हवा या पन्हळींतून कडेपर्यंत येऊ शकते. शीर कडेच्या आतच थांबली तर ती बंद खिसा होते. म्हणून प्रत्येक शीर कडेपर्यंत नेली. पानाचे टोक तावदानाच्या कोपऱ्याकडे वळवायचे, म्हणजे हवेला सर्वांत जवळची कड मिळेल.

घरातली तांब्याची भांडी घासतात तशी पाने चिंच आणि मीठ लावून स्वच्छ केली, मग भरपूर पाण्याने धुऊन, पुसून लगेच सुकवली. मिठाचा अंश राहू देता येत नाही. पाने काचेवर चिकटवण्यासाठी डिंक वापरायचा नाही असे ठरवले आहे, कारण पानाखालचा डिंक जळून जो वायू होतो तो नेमका अडकण्याच्या जागीच तयार होतो.

१५ जून

१५० मिमीच्या नमुन्यांची तुलना केली. एकाच भट्टीत चार रचना शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे तापमानाचा फरक मध्ये येणार नाही. पहिल्यात पान कापल्यावर जसे होते तसेच ठेवले. दुसऱ्यात घासून सपाट केलेले, शिरा उमटवलेले पान. तिसऱ्यात तसेच सपाट पान आणि त्याभोवती त्याच काचेची बारीक पूड चाळणीने शिंपडलेली. चौथ्यात सपाट पान आणि वरच्या तावाच्या चार कोपऱ्यांखाली, अगदी कडेला, त्याच काचेच्या सुमारे दीड मिलिमीटर उंचीच्या कण्या. ही भट्टी मुद्दाम सलग चढवली, मध्ये कुठेही थांबा दिला नाही. दुसरी भट्टी याच चार रचनांची, पण ६१० ते ६७० अंशांचा टप्पा तासाला ५० अंश या वेगाने पार करून आणि ६७० अंशांना ४५ मिनिटे थांबवून लावली.

थांब्याविना चढवलेल्या भट्टीत चारही नमुन्यांत दोष आहे. पहिल्या नमुन्यात पानाच्या देठाजवळ रुपयाच्या नाण्याएवढा फुगवटा आला आहे आणि त्यावरून बोट फिरवले तर वरची काच पातळ झाल्याचे जाणवते. थांबा दिलेल्या भट्टीत तोच नमुना बराच सुधारला, पण देठाजवळचा बुडबुडा राहिलाच. म्हणजे तापमानाचा आलेख कितीही चांगला असला तरी वाकडे पान त्यावर पाणी फिरवते. दुसऱ्या नमुन्यात कडेने ठिपक्यांची माळ आहे.

तिसऱ्या नमुन्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुडीचा उपाय सर्रास सांगितला जातो. पुडीने मोठा बुडबुडा खरोखरच टळला. कणांमधल्या फटी शेवटपर्यंत उघड्या राहतात आणि हवा त्यांतून कडेला जाते. पण प्रत्येक कणाभोवतीची थोडी हवा मागे राहते आणि तिचे अतिसूक्ष्म ठिपके होतात. समोरून पाहिले तर काच स्वच्छ वाटते. उन्हात धरली की पानाभोवती धुके दिसते. पूड जितकी बारीक तितके धुके दाट. कण मोठे घेतले तर ठिपके थोडे पण ठळक. रंगीत किंवा अपारदर्शक कामाला पूड उत्तम आहे, या खिडकीला नाही.

चौथा नमुना सर्वांत चांगला आला. कण्यांनी कडा उचलून धरल्या, वरचा ताव मऊ होताच मध्ये झुकला, आधी पानाच्या मध्यावर टेकला आणि मग बाहेरच्या बाजूला पसरत बसला. हवा त्याच्या पुढे पुढे कडेकडे ढकलली गेली. कण्या त्याच काचेच्या असल्यामुळे ७५० अंशांच्या पुढे त्या विरघळून दिसेनाशा झाल्या. पानाच्या टोकाजवळ दोन-तीन बारीक ठिपके आहेत, तेवढेच.

१९ जून

चौथ्या नमुन्याकडे पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली: सगळे ठिपके एकाच बाजूला आहेत आणि ती बाजू भट्टीच्या भिंतीकडची होती. आमच्या भट्टीत वर आणि बाजूंना अशा दोन्हीकडे कॉइल आहेत. बाजूच्या कॉइलची आच काचेच्या कडेला आधी लागते, कड मध्यापेक्षा लवकर मऊ होते आणि मध्ये हवा असतानाच चिकटून बसते. हा उलटा क्रम आहे. शेल्फाच्या चारही बाजूंना फायबर बोर्डाच्या २५ मिमी उंच पट्ट्या उभ्या केल्या, काचेपासून दोन बोटे अंतर ठेवून, म्हणजे बाजूची आच थेट कडेवर पडणार नाही आणि हवेची वाटही बंद होणार नाही. तोच नमुना पुन्हा लावला. ठिपके दोन्ही बाजूंना सारखे आणि आधीपेक्षा कमी.

२३ जून

एक मुद्दाम उलटा प्रयोग. बुडबुडेच हवे असतील तेव्हा कारागीर दोन काचांच्या मध्ये खाण्याचा सोडा भुरभुरतात. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका लहान नमुन्यात चिमूटभर सोडा घातला आणि बाकी सगळे चौथ्या रचनेप्रमाणे ठेवले. काच बुडबुड्यांनी भरली, कण्या आणि थांबा असूनही. जो वायू काच बंद झाल्यानंतरही तयार होत राहतो, त्याच्यापुढे कोणतीही रचना चालत नाही. स्वच्छतेबद्दलचा माझा आग्रह यामुळे अधिकच पक्का झाला; डिंक, तेल आणि पेटीतली पूड यांचे काम याच जातीचे आहे.

२८ जून

रात्री पावसात वीज गेली तेव्हा भट्टी ५९० अंशांवर होती. या तापमानाला काच अजून चिकटलेली नसते, म्हणून झाकण न उघडता ती तशीच थंड होऊ दिली आणि उद्या पहिल्यापासून लावणार आहे. भट्टी ७०० अंशांच्या पुढे असताना वीज गेली असती तर कडा बंद झालेल्या असत्या आणि ते काम पुन्हा लावून उपयोग नव्हता.

५ जुलै

पहिले पूर्ण आकाराचे तावदान. दोन ताव मिळून ८ मिमी जाडी होते, आणि पूर्ण आचेवर काच ६ ते ७ मिमी जाडीला स्थिरावू पाहते. त्यामुळे ती थोडी बाहेर पसरते. हे लक्षात घेऊन ताव २९६ मिमीचे कापले. (उलट ३ मिमीचा एकच ताव पूर्ण तापवला तर तो आत आक्रसतो, कडा जाड होतात, मध्यभाग पातळ पडतो आणि खालची हवा नेमकी तिथूनच वर येते. पातळ कामात दिसणाऱ्या कित्येक फुगवट्यांचे मूळ या आक्रसण्यात असते.)

३०० मिमीच्या तावाला चार कोपऱ्यांच्या कण्या पुरत नाहीत. कोपऱ्यांवर टेकलेल्या मोठ्या तावाची कड स्वतःच मध्ये झुकते आणि तिथे वेळेआधी बंद होऊ शकते. म्हणून प्रत्येक कडेच्या मध्यावरही एकेक कणी ठेवली.

संध्याकाळी ६५० अंशांच्या सुमारास, अवरक्त किरण अडवणारा चष्मा लावून, झरोक्यातून पाहिले. वरच्या कॉइल मंद लाल झाल्या होत्या आणि त्यांची प्रतिबिंबे वरच्या तावावर समांतर रेघांसारखी पडली होती. त्या रेघा मध्यभागी हळूहळू वाकू लागल्या होत्या, कडेला मात्र अजून सरळ होत्या. ६७० अंशांच्या थांब्यात बाक पसरत गेला. शेवटी रेघा मध्यभागी पुन्हा सरळ झाल्या. म्हणजे तिथे काच काचेवर बसली होती, आणि बाक कडेजवळ सरकला होता. ४५ मिनिटे पूर्ण होतानाही कडेला थोडा बाक शिल्लक दिसत होता, म्हणून कंट्रोलरवर थांबा आणखी १५ मिनिटांनी वाढवला. ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची वाटते: प्रतिबिंबे सरळ झाली की पुढे जावे. थर्मोकपल भट्टीतल्या हवेचे तापमान सांगते, काचेच्या मध्याचे नाही, आणि ताव मोठा असला की हा फरक वाढतो.

७ जुलै

तावदान बाहेर काढले. पानाभोवती काच स्वच्छ आहे. तांब्याचा मध्यभाग लालसर तपकिरी राहिला आहे आणि कडेला निळसर हिरवी छटा आली आहे. वाचनालयाच्या मॅडमना ती फार आवडली. देठाच्या दोन्ही बाजूंना मात्र दोन लांबट बुडबुडे आहेत, एक जवळजवळ ६ मिमीचा. देठासाठी ०.५ मिमीची तार वापरली होती. तंबूचा खांब जसा कापड उचलून धरतो तशी तारेने वरची काच उचलून धरली आणि दोन्ही अंगांना पोकळी राहिली. यापुढे तार लोखंडी ऐरणीवर ठेचून पत्र्याइतकी चपटी करायची आणि तिचे टोक काचेच्या कडेच्या १ मिमी बाहेर ठेवायचे. चपट्या देठाच्या कडेने हवा थेट बाहेर जाईल आणि उरलेले टोक नंतर घासून टाकता येईल.

१६ जुलै

६ मिमीचा बुडबुडा असलेले तावदान दुरुस्त होते का, हे पाहिले. पाठीमागून, पाण्याच्या थेंबाखाली, १ मिमीच्या हिऱ्याच्या बिटाने बुडबुड्यापर्यंत भोक पाडले. बिट सावकाश चालवले, मधूनमधून वर काढले. भोकातून आत गेलेले पाणी आणि काचेचा लगदा धुऊन, तावदान एक दिवस उबदार जागी सुकवले आणि भट्टीत ७९० अंशांपर्यंत नेले. हवेला वाट मिळाल्यामुळे बुडबुडा बसला, पण त्या जागी वरच्या पृष्ठभागावर उथळ खळगा दिसतो आणि पाठीमागे भोकाची खूण राहिली आहे. लहान वस्तूला ही दुरुस्ती चालेल. खिडकीसाठी हे तावदान मी देणार नाही. ते नमुना म्हणून कामाच्या जागी ठेवले आहे.

२ ऑगस्ट

उरलेल्या तावदानांचा आलेख आता पक्का झाला आहे आणि तो इथे पूर्ण लिहितो. तासाला १०० अंश या वेगाने ५४० अंशांपर्यंत; ४०० अंशांपर्यंत झाकण बोटभर उघडे, मग बंद. ५४० अंशांना २० मिनिटे थांबा, म्हणजे वरची आणि खालची काच सारखी तापेल. वरचा ताव खालच्याला आचेपासून झाकतो, त्यामुळे खालचा मागे राहतो. तिथून ६१० अंशांपर्यंत त्याच वेगाने. ६१० ते ६७० तासाला ५० अंश. ६७० ला एक तास, किंवा प्रतिबिंबे सरळ होईपर्यंत. पुढे ८२० अंशांपर्यंत तासाला २०० अंश, कारण ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान फ्लोट काच रेंगाळली तर तिच्या पृष्ठभागावर स्फटिकांचा धुरकट थर येतो. ८२० ला १० मिनिटे, त्याहून जास्त नाही. मग भट्टी बंद करून ५५० अंशांपर्यंत जमेल तितक्या लवकर उतरू द्यायची, ५५० ला सव्वा तास, तिथून ४८० पर्यंत तासाला ५० अंश, ३७० पर्यंत तासाला ९० अंश, आणि पुढे झाकण न उघडता सकाळपर्यंत.

हा आलेख या भट्टीचा आणि या जाडीचा आहे. कॉइल फक्त वर असलेल्या भट्टीत कडेच्या पट्ट्या लागणार नाहीत. ५ मिमीच्या काचेला ५४० चा थांबा वाढवावा लागेल. बदलू नयेत अशा गोष्टी दोनच: मध्य आधी बसला पाहिजे, आणि कडा शेवटी बंद झाल्या पाहिजेत.

९ ऑगस्ट

सगळी तावदाने तपासली. काळ्या कापडावर ठेवून बाजूने टॉर्च लावला की बुडबुड्याची कड चमकते. समोरून प्रकाश टाकला तर तो हरवतो. मग दोन ध्रुवक फिल्मींच्या मध्ये धरून तांब्याभोवतीचा ताण पाहिला. पानाच्या कडेने अरुंद उजळ रेषा दिसते, ती सर्व तावदानांत सारखी आहे आणि कुठेही कडेपर्यंत पोचत नाही. बुडबुड्यांच्या बाबतीत दोन तावदानांत देठाच्या टोकाजवळ १ मिमीच्या आतले ठिपके आहेत, बाकींत तेवढेही नाहीत. एका तावदानाच्या पाठीवर ब्रशाची रेघ उमटली आहे, ती पॉलिश करून घेतली.

खिडकीत बसवताना ठिपके असलेली दोन तावदाने खालच्या ओळीत, भिंतीच्या बाजूला द्यावीत असे सुताराला सांगितले आहे. तिथे ऊन सकाळी उशिरा पोचते. लाकडी चौकटीत प्रत्येक बाजूला २ मिमी मोकळीक ठेवायची आहे आणि काचेखाली रबराचे तुकडे द्यायचे आहेत, कारण पसरलेल्या कडा सगळीकडे अगदी सारख्या सरळ नाहीत.

शाळेने आता जिन्यातल्या खिडकीसाठी ४०० मिमीची तावदाने विचारली आहेत. तेवढा ताव आमच्या शेल्फावर कडेला कडा लागून बसतो आणि पट्ट्यांना जागा उरत नाही. त्यासाठी वरचा ताव मधोमध कापून दोन तुकड्यांत ठेवण्याचा विचार आहे. सांधा पानाच्या मधल्या शिरेवर आणला तर हवेला कडेऐवजी मधूनच वाट मिळेल आणि पूर्ण आचेवर सांधा मिटून जाईल. कापलेल्या कडा किती घासाव्या लागतील, हे पुढच्या आठवड्यात १५० मिमीच्या नमुन्यावर पाहणार आहे.